हलका शब्द

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. सगळे खुशाल असाल. माझा गुडघा कुरकुरतो, पण ऑफिसचे दोन जिने चढवतो. नव्या डेपोत तू शिकाऊ चालकांचा मास्तर झालास, हे इथे डबा खाताना सगळ्यांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

तुझ्या लेकीचं पत्र मिळालं. टच, बम्प, हिट, क्रॅश यांत फरक काय, परीक्षेला आहे म्हणे. 'बाबा म्हणाले, आत्याला विचार, ती त्यातली वस्ताद आहे.' खरंय. बावीस वर्षं अपघाताचे फॉर्म इंग्रजीत भरतेय. तिला सांग, टच म्हणजे नुसतं चाटून गेलं. बम्प म्हणजे धक्का लागला. बहुतेक वेळा दोघंही सॉरी म्हणून आपापल्या वाटेने जातात. हिट म्हणजे धडक, एकाने दिली आणि दुसऱ्याने खाल्ली. क्रॅश म्हणजे चुराडा, तिथे विचारायलाच नको.

चालक माझ्या टेबलाशी येऊन काय म्हणतात, तुला ठाऊक आहे. "ताई, जरा हलका शब्द घाला." भाजीत तिखट कमी घाला म्हणावं तसं. आणि मी घालायचे. आरशाला ओरखडा, पत्र्याला पोचा, त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

इतकं लिहून उठले, चहा केला, कप विसळून ठेवला. आता टाळत नाही.

परवा मंगळवारी आपल्या डेपोतला, बसगाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री आला होता. काठी टेकत, दोन्ही जिने चढून. पायामुळे नोकरी गेल्यावर स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळावं म्हणून त्याने अर्ज केला होता, तो वरून परत आला. 'स्वतःच्या हलगर्जीपणामुळे जखमी.' सोबत त्याच्या अपघाताच्या जुन्या फॉर्मची प्रत जोडलेली. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, तुम्हाला इंग्रजी येतं. माझ्याबद्दल नेमकं काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगा. मी तर खाली वाकून चाकात हवा भरत होतो."

अक्षर माझंच होतं, धाकट्या. मिस्त्री चालता चालता उभ्या बसवर बम्प झाला, असं लिहिलं होतं. बस उभी नव्हती. मागे शिट्टी द्यायला कुणी नसताना तू ती मागे घेतलीस, त्याला धडक दिलीस आणि पांढराफटक होऊन माझ्याकडे आलास. तू हलका शब्दसुद्धा मागितला नाहीस. नुसतं "ताई" म्हणालास. पुढचं सगळं मी आपणहून केलं.

मी त्याला ते आपल्या भाषेत जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "घाईत चुकून लिहिलं गेलं असेल. तुम्ही मुद्दाम असं करणार नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लहानपणी तू बॅट भिरकावलीस, माझं कपाळ फुटलं, आणि मी बाबांना दार लागलं म्हणून सांगितलं. तेव्हा निदान दाराची नोकरी गेली नव्हती.

नवा फॉर्म भरून ठेवलाय. त्यात हिट लिहिलंय. बस मागे येत होती हेही, आणि आधीचा फॉर्म मी जाणूनबुजून खोटा भरला हेही. पंचवीस तारखेला, सोमवारी दहा वाजता तो साहेबांच्या टेबलावर ठेवणार. तुझं मास्तरपण जाईल, कदाचित माझी खुर्चीही. समजूत घालायला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि या वेळी विरघळायचं नाहीये.

फॉर्मवर चालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. आदल्या रविवारी मी घरीच असेन. जेवायलाच ये.

लेकीला उत्तरं तू स्वतः वाचून दाखव. हिटपाशी अडखळू नकोस.

आजवर तुला पाठीशी घालत आलेली, सोमवारी तुझ्या शेजारी उभी राहायला तयार असलेली,

ताई