घेऊ नये

३ नोव्हेंबर, दुपारी दोन

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. चौथा महिना लागला हे वाचून आईनं आधी तुला चार शब्द सुनावले, इतके दिवस लपवलंस म्हणून, आणि मग डोळे पुसले. तिचा गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतो, पण डॉक्टरांचं नाव काढलं की लगेच बरा होतो. तुझ्या भाऊजींची बदली यंदाही टळली. आमच्या ऑफिसात खालच्या मजल्यावर छपाईचं नवं मशीन आलंय. त्याच्या धक्क्यानं दिवसभर टेबल थरथरतं आणि अर्धा चहा बशीत उतरतो. छोटीचे पुढचे दात आले का?

हे सगळं मी टाळाटाळ म्हणून लिहितेय, आणि तुला ते एव्हाना कळलंही असेल.

तुझ्या पत्रात सही झाल्यावर, समासात, बारीक अक्षरात तू लिहिलंयस, ‘उजव्या कुशीत अधूनमधून कळ येते, पाठीपर्यंत जाते. पण या वेळी गोळीला हात लावणार नाही. मागची चूक पुन्हा नाही. दात खाऊन सोसेन.’

शुक्रवारपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा म्हटलं, डॉक्टरांना दाखव. तिन्ही वेळा तू म्हणालीस, ‘दाखवलं की ते गोळी देणार. आणि ताई, तूच तर सांगितलं होतंस ना?’ तिसऱ्या वेळी बोलता बोलता तुझा श्वास अडकला, तो मला ऐकू आला. म्हणून आज अर्धी रजा टाकून बसलेय. हे पाकीट चारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. तुझ्या नवऱ्याला स्टँडवर जायला सांगितलंय. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू ‘असू दे गं’ म्हणाली असतीस आणि मी लगेच असू दिलं असतं.

सहा वर्षांपूर्वीचं सांगते. तुला त्यातली तुझी बाजू पाठ आहे, माझी ठाऊक नाही.

छोटी दीड महिन्याची होती. तुझ्या पोटात असा पीळ पडायचा की तुला उभं राहवत नसे. डॉक्टरांनी कळ थांबवायची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, पाजत राहा, हरकत नाही. तू दोन गोळ्या घेतल्यास. बरं वाटलं. आणि मग निवांतपणे डबीतलं पत्रक उघडलंस आणि मला ऑफिसात फोन केलास.

‘ताई, यात लिहिलंय, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे औषध घेऊ नये. डॉक्टर म्हणतात चालतं. तू तर दिवसभर हीच पत्रकं लिहितेस. कुणाचं खरं धरू?’

मी म्हटलं, ‘छापलंय ना? मग नाही घ्यायचं. आणि आठ दिवस तरी अंगावर पाजू नकोस.’

आठ दिवस हा आकडा मी कुठून आणला, ठकू? कुठूनच नाही. तोंडाला आला.

तू आठ दिवस दूध पिळून मोरीत ओतलंस. छाती दगडासारखी झाली, ताप भरला, आणि नवव्या दिवशी छोटीला जवळ घेतलंस तर तिनं मान फिरवली. आठवड्याभरात दूध आटलं. पुढं ती अंगानं बारीक राहिली, उशिरा बोलायला लागली. तिला साधी शिंक आली तरी तू म्हणायचीस, ‘माझ्या त्या दोन गोळ्या.’ मी तिथंच बसलेली असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

ती ओळ माझी होती, ठकू.

नुसती मी उतरवलेली नव्हे. मी बनवलेली. कंपनीकडून मजकूर येतो तो वैद्यकीय भाषेत असतो, तो आम्ही घरातल्या माणसाला कळेल असा करतो. त्या गोळीच्या कागदावर या जागी चांगल्या चार ओळी होत्या. गरोदरपणात दिलेल्या बायकांची माहिती थोडी आहे. त्या थोड्या माहितीत बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. दुधात किती उतरते ते नीट मोजलेलं नाही. गरज आणि धोका पाहून डॉक्टरांनी ठरवावं. एवढंच. खालून फोरमन आले आणि म्हणाले, ‘बाई, तीन ओळी कमी करा, नाहीतर डबीत घडी बसत नाही.’ मी त्या चारांची एक केली. घेऊ नये. आमच्याकडे मजकूर तपासायला एक डॉक्टरबाई येतात. त्यांनी वाचलं आणि सही करता करता म्हणाल्या, ‘हे बरं. नाही म्हटलं की आपल्या अंगावर काही येत नाही.’

‘नक्की माहीत नाही, डॉक्टरांना विचारा’ आणि ‘घेऊ नये’. पोटात बाळ असलेली किंवा मांडीवर बाळ असलेली बाई यातलं दुसरं वाचते तेव्हा तिला त्यात विष दिसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. माझं कामच ते आहे.

जागा नव्हती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. जागा होती. गोळीचा रंग, आकार, ती कशी ठेवावी, यावर सात ओळी होत्या. त्यांतल्या तीन सहज काढता आल्या असत्या. मी काढल्या नाहीत.

आता जे लिहिणार आहे ते मी आईलाही सांगितलेलं नाही. तुझ्या भाऊजींनासुद्धा दोन वर्षांनी सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, मी आईकडे येऊन राहिले होते, आठवतं? त्याआधी तीन दिवस माझं पोट मुरडत होतं आणि मी हीच गोळी घेतली होती. दिवस गेलेत हे मला ठाऊकच नव्हतं. नंतर कळलं. मी आईकडे आले ती तिला सांगायला. सांगायचं कसं याचा विचार करण्यातच चार दिवस गेले, आणि पाचव्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही. नववा आठवडा होता. आईला म्हटलं, पित्त झालंय.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, ‘हे गोळीनं झालेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळ जणींचं होतं आणि बहुतेकदा कारण कळतच नाही.’ मी मान डोलावली. पण कारणच नाही, हे घेऊन घरी कसं जायचं? गोळी निदान हातात धरता येत होती. मग मी तिलाच धरून बसले. पुढं पुन्हा दिवस राहिले नाहीत, तेव्हा तर अगदी घट्ट. आणि पाच वर्षांनी तीच गोळी कागदावर माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी तिचा सूड घेतला. माझा सूड, आणि दूध तुझं गेलं.

तू फोन केलास तेव्हा मनात आणखी एक होतं. ते लिहिलं नाही तर हे पत्र अर्धं खोटं होईल. छोटी तुझ्या अंगावर पीत असताना मला बघवत नसे. मी खोलीतून उठून जायचे, तू म्हणायचीस ताईला कामाची घाई. ‘पाजू नकोस’ म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही. मी जाणून वाईट केलं असं मला वाटत नाही. पण छातीवर हात ठेवून ‘नाही’ असंही म्हणता येत नाही.

तेव्हा माझ्या सांगण्यावर यापुढं काही ठरवू नकोस. ती गोळी घे, असंही मी म्हणणार नाही. पोटाच्या कळीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही खरोखरच गरोदरपणात किंवा तान्ह्या बाळाच्या आईला देत नाहीत, ते जो शिकलाय त्यानं सांगावं. माझं म्हणणं वेगळंच आहे. कळ उजव्या कुशीतून पाठीकडे जाते म्हणतेस. हा तुझा जुना पीळ कशावरून? थंडी वाजते का? लघवीला जळजळतं का? तू सोसत बसलीस तर कळ कशाची आहे हेच कुणाला कळणार नाही, आणि ते तुझ्या बाळाला गोळीपेक्षा जड जाईल. छोटीच्या बाबतीतही तू काही चुकली नाहीस. तू डॉक्टरांचं ऐकलंस आणि मग बहिणीचं ऐकलंस.

हे वाचून झालं की रडू नकोस, चप्पल घाल आणि दवाखान्यात जा. मला शिव्या परत येऊन दे.

बस चुकेल. थांबते.

जिला तू ताई म्हणत आलीस,
ती



१२ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. तुमचं पाकीट सोमवारी संध्याकाळी साडेसातला मिळालं. तिनं दार लावून वाचलं. बाहेर आली आणि म्हणाली, रिक्षा आणा. दवाखान्यात पोचेपर्यंत तिला हुडहुडी भरली होती.

मूत्रमार्गात खडा अडकला होता आणि त्यामागं जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘आणखी दोन दिवस काढले असते तर दोघांचंही अवघड होतं.’ सहा दिवस सलाइन आणि इंजेक्शनं चालली. कळीसाठी गोळीही दिली. ती घेताना तिनं डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं, आणि त्यांनी तिन्ही वेळा न चिडता सांगितलं. काल घरी आणलं. बाळाचे ठोके चांगले आहेत. उरलेल्या खड्याचं बाळंतपणानंतर बघू म्हणाल्या.

पत्रात काय आहे ते मला माहीत नाही. तिनं दाखवलं नाही, मी मागितलं नाही. पण दवाखान्यात ते तिच्या उशीखाली होतं. तुमचा फोन आला की ती मान हलवून नाही म्हणते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आज मी विचारलं, ताईंना लिहितोय, निरोप काय देऊ? तिनं उशी सारखी केली. मग म्हणाली, ‘वाचलं म्हणावं.’

पत्राबद्दल म्हणाली की बाळाबद्दल, ते मी विचारलं नाही.

आपला,
धाकटा जावई



५ मे

ताई,

मुलगा झाला हे तुला आईकडून कळलंच असेल. तीन आठवड्यांचा झाला. नाक आपल्या घराण्याचं आहे, बिचारा.

सहा महिने मी तुला लिहिलं नाही. रोज मनातल्या मनात लिहीत होते, पण त्यातलं एकही पत्र पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं. तुझ्याबद्दल इतकं वाईट मी कधी बोलले नव्हते. मोरीत ओतलेलं दूध डोळ्यांसमोर आलं की अजूनही कानशिलं तापतात. छोटीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, तुझ्या खोकल्याचा नि माझ्या गोळ्यांचा काही संबंध नव्हता. ती म्हणाली, ‘मला खोकला झालाच नाहीये.’ खरंच, गेल्या दोन वर्षांत झालेला नाही. माझंच लक्ष नव्हतं.

तू साहेबांना सगळं लेखी दिलंस आणि त्यांनी तुला त्या टेबलावरून उठवून खोकल्याच्या औषधांकडे बसवलं, असं आई सांगत होती. खोकल्याशी तरी धड वाग. नवं पत्रक दुकानदाराकडून मागून आणलं. पाच ओळी आहेत. नीट आहेत. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाहीये.

परवा पोटात पुन्हा पीळ पडला. डॉक्टरीणबाईंनी दोन डब्या समोर ठेवल्या. म्हणाल्या, ‘ही बाळ पीत असताना चालेल, थोडे दिवस. ती दुसरी मात्र नको, तान्ह्यांना तिचा श्वासाला त्रास होऊ शकतो. आणि तो कधी फारच झोपाळला, नीट प्यायला नाही, तर लगेच घेऊन या.’ मी घेतली. तासाभरानं तो रडायला लागला. मी त्याला उचललं आणि नुसतीच बसून राहिले. हे म्हणाले, ‘अगं, पाज ना.’ डबीवरचं नाव मी पुन्हा एकदा वाचलं, ताई. आणि पाजलं. पोटभर प्यायला आणि झोपला. मी दर पाच मिनिटांनी त्याच्या नाकाखाली बोट धरत होते, शेवटी यांनी माझा हात धरून ठेवला.

आता एक गोष्ट. तू लिहिलंयस, आईलाही सांगितलेलं नाही. सांगितलं नसशील. पण त्या दिवशी सकाळी तू मागच्या नळावर चादर धूत होतीस. मी जिन्यात उभी होते. पाणी लाल होतं. मी एकोणीस वर्षांची होते, काय झालंय ते मला कळलं होतं. तू वर बघितलं असतंस तर मी खाली उतरले असते. तू बघितलं नाहीस, आणि मी हळूच वर गेले नि पुस्तक उघडून बसले. परीक्षा होती ना. मग तू आईला पित्त म्हणालीस, आणि मीच तुला लिंबूपाणी आणून दिलं.

बारा वर्षं मी हे तोंडातून काढलं नाही. तेव्हा तुझ्या गप्प बसण्याबद्दल तुला फार बोलायला मला तोंड नाही, थोडंच आहे.

तुझं ते आज अकरा वर्षांचं असतं. दर वर्षी मोजते मी, छोटीच्या वाढदिवशी, मेणबत्त्या लावताना. तुला वाटत असेल तू एकटीच मोजतेस.

ये. बाळ बघायला आलेय, असं आईला सांग हवं तर. आपण आधी माझ्या खोलीचं दार लावू आणि तुझ्या त्याच्याबद्दल बोलू, की तिच्याबद्दल, जे असेल ते. मी पाजत असताना बघवलं नाही तर उठून जाऊ नकोस. तिथंच बस आणि रड.

अजून रागावलेली,
आणि तरी वाट बघणारी,
ठकू