पिवळा स्वेटर, काळे पट्टे

३ फेब्रुवारी, सोमवार
नोटीस लागली. लेबल विभागात तीन माणसं जास्त होतात, दोन पुरे, असं नव्या संचालकबाईंचं मत. म्युझियममध्ये येऊन दोन महिने झाले नाहीत आणि मत तयार! महिनाअखेर एकाला घरी बसवणार. तिघं म्हणजे कार्डवाल्या बाई, किड्यांना टाचण्या मारणारा पोरगा, ज्याला आम्ही टाचणीच म्हणतो, आणि मी. मला काळजी नाही. सव्वीस वर्षं झाली, मागच्या तीन कपातींत माझ्या केसालाही धक्का लागला नाही. कामाची कदर, दुसरं काय? तळघरात बसतो म्हणून काय झालं?
रात्री जेवण गेलं नाही. दुपारचं काहीतरी बाधलं असावं.

४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी ३
नव्या कपाटाची लेबलं करायला आली. विषय : भडक रंगाचे प्राणी. प्रत्येक कपाटाला दोन कार्डं असतात. पहिलं मी टाइप करतो, दुसरं बाई. पहिलं महत्त्वाचं, म्हणून माझ्याकडे. दुसऱ्यापर्यंत लोक पोचतच नाहीत. बाईंची कार्डं मी स्वतः कधी वाचत नाही. चुका बघवत नाहीत.
पण आजचं पहिलं कार्ड! लाल बेडूक, पिवळीकाळी गांधीलमाशी, ठिपक्याठिपक्यांचा भुंगा. हे लपत नाहीत. अंगावरचा रंगच सांगतो, खाल तर पस्तावाल. खाणारे मुकाट लांबून जातात.
आणि मी जन्मभर राखाडी शर्ट घातले. म्हणून सगळे डोक्यावर बसले. टाचणी माझी खुर्ची उचलून नेतो. बाई माझा टेबललॅम्प स्वतःकडे वळवून घेतात. बस झालं आता.

६ फेब्रुवारी, गुरुवार
स्वेटर घेतला. हळदीसारखा पिवळा, आडवे काळे पट्टे. दुकानदार म्हणाला, दोन वर्षं पडून होता, कोणी हात लावत नव्हतं. म्हणजे परिणाम आहेच.
बायकोनं विचारलं, नाटकात काम मिळालं का. मुलगी म्हणाली, बाबा, रस्ता खोदणारे असलं घालतात, गाडीखाली येऊ नये म्हणून. म्हटलं, मग? गाड्या लांबून जातात ना? कपाळावर हात मारून आत गेली. मुद्दा पटला.

१० फेब्रुवारी, सोमवार
पहिला दिवस. यश.
टाचणीनं मला बघितलं आणि झटकन ड्रॉवरमध्ये डोकं घातलं. खांदे थरथरत होते. बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या, बराच वेळ खोकत होत्या. गेटवरच्या रखवालदारानं तर सलाम ठोकला, म्हणाला, नमस्कार पिवळे साहेब. सव्वीस वर्षांत या माणसानं कधी मान वर केली नव्हती.
निश्चय : उद्यापासून खुर्ची द्यायची नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
खुर्ची दिली. पाठीला उभं राहणं चांगलं असतं. टाचणी म्हणाला, काका, जरा हलता का, आणि मी हललो, ते सवयीनं. उद्या बघतो त्याला.
वर हॉलमध्ये गेलो तर अकरा जणांनी मुतारी कुठे ते विचारलं. एका कुटुंबानं गांधीलमाशीच्या कपाटाशी मला उभं करून फोटो काढला. लोक घाबरतात, पण जरा वेळ लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लॅम्पही दिला. डोळ्यांना त्रास होतच होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी ६
आजचा दिवस सोन्याचा.
संचालकबाई तळघरात उतरल्या. आजवर कुठलाही संचालक उतरला नव्हता. टाचणीवरून नजर फिरली, बाईंवरून फिरली, माझ्यावर थांबली. विचारलं, आपण कोण, इथे काय करता. मी पहिल्या कार्डाचं महत्त्व नीट समजावून सांगितलं. एक पाऊल मागे सरकल्या! मग नाव विचारलं आणि हातातल्या कागदावर लिहून घेतलं. आधीच्या तिन्ही संचालकांना माझं नाव मरेपर्यंत कळलं नसतं.
घरी सांगितलं. बायको हळूच म्हणाली, उद्या तो राखाडी शर्ट घाला हो, माझ्यासाठी. हिला माझं चांगलं कधी बघवलंच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
चहाच्या वेळी बाई कानाशी आल्या. म्हणाल्या, महिना संपेपर्यंत मान खाली घालून बसा, आम्ही दोघं तेच करतोय. खरंच करताहेत. टाचणीनं कपाटांच्या रंगाचा खाकी कोट चढवलाय, काल मी त्याला ड्रॉवर समजून ओढायला गेलो. बाई फाइलींच्या ढिगामागे बसतात, नुसता अंबाडा दिसतो. भित्री जमात! यांच्यातलाच कोणीतरी जाणार. कोण ते ठरवता येत नाही. दोघांचंही वाईट वाटतं, पण फार नाही.
निश्चय : सोमवारपासून लाल टोपीही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मी.
पाकीट माझ्याच टेबलावर होतं. वर गेलो, तसाच, पिवळ्या स्वेटरमध्ये, डोक्यावर टोपी. संचालकबाई मीटिंगमध्ये होत्या. त्यांच्या ऑफिसातल्या क्लार्कनं बसवलं, पाणी दिलं. भला माणूस. म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, तुमच्या कामाचा काही संबंध नाही. तुमचं काम कोणाला माहीतच नाही. तळघरात कोण बसतं ते वर कोणाला सांगता येईना. मागच्या तीन कपातींत तर तिथे माणसं आहेत हेच लक्षात राहिलं नव्हतं. या वेळी बाईसाहेब म्हणाल्या, एक माहीत आहे ना, तो पिवळा, त्याचं नाव घाला.
खाली आलो. टाचणीनं माझी खुर्ची परत आणून ठेवली होती. बाईंनी लॅम्प माझ्याकडे वळवला. दोघंही रडत होते. मी म्हटलं, मला दुसरीकडून बोलावणं आहे.
कुठूनही नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

४ मार्च, मंगळवार
चहाचा कप तळघरात राहिला होता, आणायला गेलो. बायकोनं राखाडी शर्ट इस्त्री करून ठेवला होता, तोच घातला.
गेटवर रखवालदारानं अडवलं. तिकीट मागितलं. म्हटलं, अरे मी. त्यानं नीट बघितलं, म्हणाला, मी कोण? मागे लोक खोळंबले होते. रांगेत जाऊन तिकीट काढलं.
तळघर तिकिटावर बघता येत नाही. हॉलमध्ये हिंडलो. गांधीलमाशीच्या कपाटाशी थांबलो. पहिलं कार्ड पाठ आहे. शेजारी दुसरं होतं. 'मात्र हा इशारा ज्याच्या अंगात विष आहे, त्यालाच परवडतो. बहुतेक बिनविषारी प्राणी मातीच्या, झाडाच्या सालीच्या रंगात मिसळून आणि हालचाल न करता जीव वाचवतात. त्यातला एखादा ठळक दिसला, तर आधी तोच खाल्ला जातो.'
दोनदा वाचलं. बाईंनी टाइप छान केलंय. एकही चूक नाही.