कपाटातल्या इडल्या

प्रिय एलियाम्मा,

देव तुम्हां सगळ्यांना सांभाळो. पत्राला उशीर झाला, राग धरू नकोस. पायाची जखम सुकते आहे. मंगळूरचं हे हॉस्पिटल स्वच्छ आहे. थोरलीचा खोकला थांबला का?

काल ईस्टरआधीचा उपास सुरू झाला. दुपारपर्यंत खायचं नाही म्हणून सकाळच्या इडल्या मी कपाटात लपवल्या. शिकाऊ नर्स जिन्सी इन्सुलिन टोचायला आली. तिच्या टीचर मागे उभ्या होत्या.

"यांनी खाल्लं का?"

"हो टीचर, ताटली रिकामी आहे."

"मग सुई ताटलीला टोचणार आहेस की माणसाला? विचार कर जरा."

पोरगी थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कपाटाकडे जाणारी मुंग्यांची रांग पाहिली आणि दार उघडलं. आपल्या आजोबांना दटावावं तसं म्हणाली,

"अप्पच्चा, मुंग्यांना जेवायला बोलावलंय होय?"

उपाशीपोटी इन्सुलिन घेतलं तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं, असं तिने समजावलं. "देव समजून घेईल, अप्पच्चा. इन्सुलिन नाही समजून घेणार." समोर बसून इडल्या खायला लावल्या, मगच टोचलं.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुझाही उपास सुरू झाला असेल. कंपाउंडर सकाळीच तुला इन्सुलिन टोचून जातो. तो काही विचारत नाही आणि तू आपणहून सांगणार नाहीस.

आधी खा, मग हात पुढे कर. खातेस की नाही, तेवढं मात्र लगेच कळव.

तुझा,
वर्की