बर्फावरचा पाऊस

पळसदेव, ता. इंदापूर
८ मार्च

चि. सोनम हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोऱ्यात फोन लागत नाही, म्हणून आबांनी मला पत्र लिहायला बसवलंय. इकडे सगळं ठीक. उजनीचं पाणी उतरतंय, जुनं देऊळ निम्मं उघडं पडलंय.

आपण दोघी बहिणींनी एकाच पुस्तकावर अभ्यास केला, परीक्षाही बरोबरच दिली. तू पास होऊन हिमाचलात पुराचे अंदाज बांधायला गेलीस. मी बारामतीच्या क्लासमध्ये तेच धडे पोरांना शिकवते. इंदापूरच्या बाजारात आबा अनोळखी माणसालाही थांबवून सांगतात, की आमची धाकटी बर्फ मोजती, तिच्या शब्दावर गावं हलत्यात. मी शेजारी पिशव्या धरून उभी. कुणी थोरलीबद्दल विचारलंच, तर ती हाय की घरीच, एवढं म्हणून पुढं चालायला लागतात.

खरंच गावं हलतात का गं? की तू आबांना फुगवून सांगतेस?

लोभ आहेच. त्यात जळजळही आहे, ती गोड मानून घे.

तुझी ताई,
जयवंता

*

२५ मार्च

ती. ताईस,
सोनमचा सा. न. वि. वि.

गाव अजून एकही हललेलं नाही. आम्ही बर्फात पोकळ नळी खुपसतो आणि आत आलेला बर्फ तोलतो. त्यात पाणी किती ते कळतं. यंदा खूप आहे. ऊन हळूहळू चढलं तर तो गुमान वितळेल. पण वर उबदार पाऊस कोसळला, तर दोन्हींचं पाणी एकदम नदीत उतरेल. नदीला लागूनच एक वस्ती आहे, मेंढ्यांचे वाडे आहेत. साहेब रजेवर गेलेत. उठा म्हणायचं की नाही, हे मीच ठरवायचं.

इथं मी एकटी जेवते, ताई. आबांशेजारी पिशव्या धरून तू उभी असतेस, याचा मला हेवा वाटतो. तुला पटणार नाही.

आशीर्वाद पाठवत जा, जळके असले तरी चालतील.

तुझी,
सोनम

*

पळसदेव
१२ एप्रिल

चि. सोनम हिस,
आशीर्वाद.

तू बाजारगावातून आबांना फोन केलास, त्यातून सगळं कळलं. पाऊस आला, तू वस्ती वर हलवलीस, आणि नदी हातभरसुद्धा चढली नाही. उघड्यावर गारठून कोकरं मेली. तिथला प्रधान, म्हणजे आपल्याकडचा सरपंचच, म्हणाला, की या मुलीचं पुन्हा कुणी ऐकू नका. आणि तू रडत आबांना सांगितलंस, की आता मी तोंड उघडणार नाही.

खरं लिहू? मला बरं वाटलं. त्या दिवशी भाकरी जास्त गेली. पण आबा न जेवता ओट्यावर जाऊन बसले, आणि मग माझा संताप झाला. पास झालीस तरी आबा तुझे, चुकलीस तरी तुझेच!

आणि तू चुकलीसही नाहीस, हा दुसरा संताप. पहिला पाऊस गार बर्फानं पिऊन घेतला. आता तो बर्फ भिजून गच्च झाला असणार. पुढचा पाऊस त्यात मुरणार नाही. हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. मग शिव्यांना भिऊन गप्प बसणार? त्या खुर्चीसाठी मी किती तळमळले, तुला ठाऊक आहे. बोलायचं नसेल तर ऊठ तिथून. मी येते.

रागातही लोभ आहे, एवढं समजून घे.

जयवंता

*

२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हाती आलं तेव्हा नदी येऊन गेली होती.

ढग पुन्हा भरले. मी खोलीत दार लावून बसले होते. मग नळी घेऊन वर गेले. बर्फ पिळला तर हातातून पाणी गळत होतं. तशीच वस्तीवर गेले. प्रधानानं दारातूनच हाकललं. ज्या बाईची सगळ्यात जास्त कोकरं गेली होती, तिच्या उंबऱ्यावर मी बसून राहिले. तिला म्हटलं, की मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण वर चढून दे. ती खूप बोलली. मग मेंढ्या सोडल्या. तिच्या मागून बाकीचे निघाले, शेवटी प्रधानही.

पाणी आलं ते दगड गडगडत आलं. वाडे, पूल, निम्मी घरं गेली. माणसं सगळी वर होती. ती बाई माझा हात धरून खाली बघत होती.

पत्र आधी आलं असतं तर एवढं एकटं वाटलं नसतं. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सोनम

*

पळसदेव
९ मे

चि. सोनम हिस,
अनेक आशीर्वाद.

आबांना पत्र वाचून दाखवलं. त्या बाईपाशी आले आणि पत्र त्यांच्या हातात दिलं; पुढचं त्यांनी स्वतः वाचलं. आता ते पुन्हा बाजारभर सांगत सुटलेत आणि माझी जळजळ पुन्हा पहिल्यासारखी सुरू झालीय. तुझ्या जागी मी त्या उंबऱ्यावर बसले असते का, हा विचार मात्र पाठ सोडत नाही.

म्हणून कळवते, तुमच्याच खात्यात वरच्या पदाची जाहिरात आलीय. मी अर्ज केलाय. अभ्यास पहाटेपासून चालू आहे, आबा चहा करून देतात. निवड झाली तर तुझे अंदाज माझ्या सहीशिवाय पुढं जायचे नाहीत. तेव्हा आतापासूनच नीट मोजत जा.

लोभ वाढता असू दे. हेव्याचं मी बघून घेते.

तुझी ताई,
जयवंता