दुमडलेल्या कोपऱ्यांबाबत

मी, प्रभंजन महादेव हल्याळकर, वय एकोणपन्नास, व्यवसाय मोटार विम्याचा सर्व्हेयर, राहणार केशवापूर, हुबळी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, हृदयाच्या तीन वाहिन्या नाहीत. येत्या बुधवारी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. चोवीस वर्षे अपघातातल्या गाड्या तपासून कोणाचा दावा खरा आणि कोणाचा बनाव हे ठरवण्यात गेली, त्यामुळे असे म्हणणाऱ्या माणसाकडे मी दोनदा बघतो. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझी थोरली बहीण मनीषाअक्का हिने दडपण आणून पाहिले, ते पुढे येईलच.

कलम एक. गेल्या फेब्रुवारीत केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझी एकुलती मुलगी नेत्रा, वय पंधरा, हिची पालक म्हणून अक्काला नेमले होते. नेत्राची आई जयलक्ष्मी चार वर्षांपूर्वी वारली. मी ऑपरेशनमधून उठलो नाही तर पोर सज्ञान होईपर्यंत कोणाच्या घरी राहील, या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप आहे.

कलम दोन. केशवापूरचा फ्लॅट नेत्राचा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कुंड्यांचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडतात आणि विचारले की कानावर हात ठेवतात. त्याचे फोटो तारीखवार लावून कपाटात ठेवले आहेत. हे भांडण पुढे चालवायचे की सोडायचे ते नेत्राने ठरवावे. मी सोडलेले नाही.

कलम तीन. ठेवी आणि विम्याची रक्कम नेत्राच्या शिक्षणासाठी. पंचवीस वर्षांची होईपर्यंत त्यातले काहीही लग्नाकडे वळवू नये, मग स्थळ कितीही चांगले असो. माझा टॉर्च, टेप आणि भिंगही तिलाच. आमच्या आईचा तांब्याचा बंब अक्काला द्यावा. त्यावर तिचा डोळा आहे हे मला ठाऊक आहे, आणि तिचा हक्कही आहे.

कलम चार. पुस्तके. नेत्राच्या कपाटात प्रेमाबिमाच्या एकोणीस इंग्रजी कादंबऱ्या आहेत, सगळ्यांची कव्हरे गुलाबी नाहीतर जांभळी. त्या तिला तिची मावशी, म्हणजे जयलक्ष्मीची धाकटी बहीण शालिनी, कोप्पीकर रोडवरून आणून देते. शालिनीने लग्न केलेले नाही, एकटी राहते, मोठ्याने हसते. पोरीला ती बिघडवते, असा माझा संशय पहिल्यापासून होता. एकदा तिला तोंडावर विचारले तर म्हणाली, ‘‘भावोजी, जयू गेल्यापासून ही पोर काही मागतच नाही बघा. पुस्तक तेवढं मागती. तेही देऊ नको म्हणता काय?’’ मी म्हणालो, होय. तिने ऐकले नाही.

गेल्या महिन्यात अक्का धारवाडला मळमड्डीत राहते तिथून आली आणि तिने सगळी पुस्तके पिशवीत भरून माझ्यापुढे ओतली. ‘‘वाचायला नको, कोपरे बघ की रे नुसते,’’ म्हणाली. ‘‘कुठली पानं दुमडून ठेवलीयत पोरीनं. ह्याच्यापेक्षा आणि काय पुरावा पाहिजे तुला?’’ नेत्रा दारात उभी होती. ‘‘अप्पा, बघा तुम्ही,’’ एवढेच बोलली आणि आत गेली.

न तपासता अहवाल देण्याची मला सवय नाही. अँजिओग्राफीसाठी दवाखान्यात गेलो तेव्हा पिशवी बरोबर नेली आणि तिथे व नंतर घरी मिळून एकोणीसच्या एकोणीस वाचून काढली. माझे निष्कर्ष असे. एकाही पुस्तकातला मुलगा स्वतःचा कप विसळत नाही. मुलगी चालताना फार वेळा पडते आणि दर वेळी त्याच मुलाच्या अंगावर पडते, जे अपघातशास्त्राला धरून नाही. परीक्षा कोणालाच नाहीत. सातव्या पुस्तकात ती त्याचे पत्र फोडते की नाही यात मी इतका गुंतलो की नर्सला मला दोनदा हाक मारावी लागली. हे मी कबूल करतो, पण त्याने पुस्तक चांगले ठरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आईबाप. लेखकांना ते अडचणीचे होतात, म्हणून पहिल्या वीस पानांतच त्यांना मारतात नाहीतर परदेशी पाठवतात.

मग कोपऱ्यांकडे वळलो. एकूण तेवीस. जुनी दुमड कोणती, ताजी कोणती, हे भिंगाने पाहिले. काय सापडणार हे मी आधीच ठरवून बसलो होतो. सापडले ते असे. एका पानावर आई मुलीच्या केसांना तेल लावते. एका पानावर बाप शाळेबाहेर गाडीत बसून वाट बघतो आणि झोपी जातो. एका पानावर तो फक्त विचारतो, ‘काही खाल्लंस का?’ पुढच्याच पानावर मुलगा येतो आणि बाप पुस्तकातून जातो तो परत येत नाही. तेवीसपैकी बावीस पाने अशी आहेत. एवढ्या पुस्तकांत जिथे जिथे आई किंवा बाप जिवंत सापडला, तिथे तिथे माझ्या मुलीने कोपरा दुमडून ठेवला.

तेविसावे पान चुंबनाचे आहे. त्याबद्दल मी तिला काही विचारलेले नाही.

विचारायचे म्हटले तर चार वर्षे मी तिला रोज विचारतच आलो. कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, किती वाजता निघालीस, मग एवढा वेळ कसा लागला. दावेदाराला विचारतो तेच प्रश्न. ‘काही खाल्लंस का’ हा प्रश्न मी किती वेळा विचारला, हे आठवून पाहिले. मला लाज वाटली.

कलम पाच. म्हणून नेत्राची पालक म्हणून मी शालिनीला नेमतो. अक्का, रागावू नकोस. तू पोरीला उपाशी ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे, पण तू कोपरे दाखवलेस आणि पाने वाचली नाहीस. मीही फेब्रुवारीत तेच केले होते. शालिनीला अट एकच, पुस्तक देण्याआधी तिने ते स्वतः वाचावे. पुस्तकांवरचा माझा संशय गेलेला नाही, शालिनीवरचाही पुरता गेलेला नाही. पण घरात शिरल्या शिरल्या नेत्राला ती आधी जेवायला बसवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कलम सहा. एकोणीस पुस्तके नेत्राची. कोणीही रद्दीत घालू नयेत, कोपरे कोणी सरळ करू नयेत.

कलम सात. हा लेख चार पानांचा असून प्रत्येक पानावर माझी सही आहे. तिसऱ्या पानावर बापाच्या प्रश्नाचा मजकूर आहे. त्या पानाचा वरचा कोपरा मी शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमोर, स्वतःच्या हाताने दुमडला आहे. ती दस्ताशी केलेली छेडछाड समजू नये. नेत्रा, काही खाल्लंस का?

लिहून ठेवणार : प्रभंजन महादेव हल्याळकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष वरील इसमाने सही केली व कोपरा दुमडला :
१. सुमंत वासुदेव नरगुंदकर, निवृत्त शिक्षक, मळमड्डी, धारवाड (सही)
२. रवी नागोजी बेटगेरी, सर्व्हेयर, कोप्पीकर रोड, हुबळी (सही)

ठिकाण : हुबळी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५