मागचं उजवं चाक

सोमवार, ४ जानेवारी १९८८

तिसरा गिअर परत निसटला! सकाळपासून चार वेळा. बाळारामला म्हटलं, तू गिअरबॉक्स उघडून बघितलास की नुसता फडका मारलास? तो हात पुसत चहा प्यायला गेला. मराठी शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासून त्याची ही सवय. भांडायचं म्हटलं की चहा.

तुळशीरामशेठने भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामाचा एक कोपरा आम्हाला वर्कशॉपला दिलाय. एका बाजूला कापडाचे तागे, एका बाजूला आमची शर्यतीची गाडी. शेठचे हमाल रोज विचारतात, हिची बॉडी कधी बसवणार? बॉडी हीच आहे रे बाबांनो! एकच सीट, चारही चाकं उघडी, अकराशे सीसीचं इंजिन पाठीला चिकटलेलं. सहा वर्षं मी हेच करतोय. पगार घेऊन, शेठच्या ट्रान्सपोर्टचं नाव छातीवर लावून. अजून पहिला नंबर नाही. दुसरा तीन वेळा, चौथा मोजलेला नाही.

गुरुवार, ७ जानेवारी

टायर आले. चुकीच्या मापाचे. परत पाठवले.

मंगळवार, १२ जानेवारी

अब्बा जेवताना म्हणाले, "मोहिउद्दीनचा मुलगा काय करतो, असं लोक विचारतात. मी काय सांगू? गोल गोल फिरतो?" माझी बायको जुबैदा पोळी वाढत होती, तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, फेब्रुवारीत मद्रासहून कप आणला की बोला. अब्बा म्हणाले, "कपात चहा पितात. घरात कापडाचे बारा लूम आहेत, चालवायला माणूस एक."

ताट सरकवून उठलो. साठीच्या माणसाशी काय भांडायचं!

बुधवार, २० जानेवारी

शेठचा भाचा पंढरी आलाय. वय बावीस. शेठ म्हणाले, "हाशिमभाई, ह्याला जरा शिकवा. राखीव ड्रायव्हर म्हणून नाव घातलंय." राखीव! मला न विचारता!

पोरगा वाईट नाही. "सर, सर" करत मागे फिरतो. क्लच कधी सोडायचा, वळणाच्या आधी नजर कुठे ठेवायची, सगळं सांगितलं. राग येतो तो ह्याच गोष्टीचा, की ऐकतोही नीट.

मंगळवार, २६ जानेवारी

पडघा गावापलीकडे शेठने नव्या गोदामांसाठी जागा सपाट केलीय. तिला वळसा घालणारा रस्ता शेठचाच, मैलभराचा. तिथे टाइम लावला. मी दहा फेऱ्या मारल्या. मग पंढरीने पाच.

पंढरी दोन सेकंदांनी पुढे.

दोन सेकंद! माझ्या वेळी इंजिन थंड होतं. टायर नवे होते. वारा समोरून होता. बाळारामला म्हटलं, कार्ब्युरेटर तपास. तो म्हणाला, "तपासलाय." परत तपास म्हटलं. त्याने तपासला. काही सापडलं नाही. सापडणार कसं, नीट बघायला नको का!

बुधवार, ३ फेब्रुवारी

मद्रासजवळ शोलावरमच्या ट्रॅकवर मी उलटलो त्याला आज एक वर्ष. मनगटाची सळई निघाली, हात चांगला चालतो. तो विषय संपलाय. इथे लिहिलं ते फक्त तारीख म्हणून.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी, मद्रास

गाडी शेठच्या ट्रकमधून काल पोचली. आज सराव. शोलावरमची ती जुन्या विमानतळाची धावपट्टी, सपाट, लांब, भट्टीसारखी तापलेली. सरळ पट्ट्याच्या टोकाला गेल्या वर्षीचं ते वळण. तिथे मागचं उजवं चाक हलतंय असं वाटलं. दुसऱ्या फेरीत नक्की वाटलं. ट्रॅकच्या कडेला पिटमध्ये आलो. बाळारामने जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. म्हणाला, "घट्ट हाय."

परत गेलो. परत तेच. पाठीतून कळतं मला! सहा वर्षं ह्या सीटवर बसतोय. सरावात नववा.

शनिवार, १३ फेब्रुवारी

चाक हलतंय. कुणी ऐकत नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी

गाडी उभी होती. हेल्मेट घातलं, बेल्ट लावला. शर्यतीला अर्धा तास उरला होता. मी बेल्ट सोडला आणि उतरलो.

शेठ धावत आले. "काय झालं?" म्हटलं, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग जातंय. ह्या गाडीत कुणाला बसवणं म्हणजे खून आहे. बाळाराम माझ्याकडे बघत राहिला. शेठ म्हणाले, "मेकॅनिक म्हणतो चाक ठीक आहे." मी ओरडलो, मग मेकॅनिकला बसवा!

पंढरी म्हणाला, "मामा, मी बसतो."

मी त्याचा हात धरला. बसू नको म्हटलं. खरंच म्हटलं. त्याने हळूच हात सोडवला.

वीस फेऱ्या. मी पिटच्या भिंतीला पाठ लावून उभा. एकही बघितली नाही, नुसता आवाज ऐकला. पंढरी तिसरा आला. चाक जागेवर होतं. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचले आणि शेठ माझ्या बाजूने गेले, जसा मी खांबच!

शनिवार, २० फेब्रुवारी, भिवंडी

बातमी माझ्याआधी पोचली होती. नाक्यावर एक लूमवाला म्हणाला, "क्या हाशिमभाई, सुना है गाडी से उतर गये?" दुसरे हसले. चहा न पिता निघालो.

चाक निघालं असतं तर हेच लोक माझ्या पाया पडले असते. आणि पंढरी? असा विचार आला आणि लाज वाटली. पोराचा जीव जावा म्हणजे मी खरा ठरेन! हे मी काय लिहितोय!

बुधवार, २४ फेब्रुवारी

शेठ स्वतः घरी आले! गल्लीत गाडी शिरली नाही, चालत आले. अब्बांसमोर हात जोडून म्हणाले, "हाशिमभाई, चुकलो. बाळारामने चाक खोललं. बेअरिंग पार गेलेलं होतं, मला दाखवलं. अजून दोन फेऱ्या असत्या तर भाचा हातचा गेला असता." पुढच्या वर्षी गाडी माझीच, पंढरी राखीव.

अब्बांनी स्वतः उठून शेठना सरबत दिलं. म्हणाले, "माझा मुलगा उगाच उतरणार नाही." माझ्याबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

म्हटलं होतं ना! म्हटलं होतं की नाही!

सोमवार, २९ फेब्रुवारी

अब्बांना दाखवायला ते बेअरिंग आणायला वळच्या गोदामात गेलो. बाळारामने दिलं. गंजलेलं, फुटलेलं. हातात घेतल्याबरोबर कळलं. टेम्पोचं होतं. आमच्या गाडीत बसणारच नाही एवढं मोठं. शेठला ट्रकचं भाडं कळतं, आमच्या गाडीचा नटही त्यांनी कधी हातात धरलेला नाही.

"आपलं कुठंय?" म्हटलं.

"गारीतच हाय. त्याला काय झाला न्हाय." मग खाली बघत म्हणाला, "चाक हालत न्हवता, हाशिम. तू थरथरत व्हतास. सगल्यांसमोर कसा सांगू?"

तिथूनच शेठच्या ऑफिसात गेलो. गाडी पंढरीला द्या म्हटलं. बेअरिंग ठीक होतं. मी घाबरलो होतो. बाळारामला काही बोलू नका.

घरी येऊन जुबैदाला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. वर्षभर तुम्ही झोपेत ब्रेक दाबताय."