टोपलीनं वर चढवलेली बाग

मी ओर्सोला स्केरिनी, कै. बोर्तोलोची बायको, राहणार साझेल्ला, वाल्तेल्लिना खोरं. मी सांगते आणि नोटरीसाहेब लिहून घेतात. माझं डोकं ठिकाणावर आहे; गुडघे नाहीत, पण त्यांचं मत कायदा विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव घालणाऱ्याला मीच पुरून आले.

एक. नदीकाठचं खालचं घर, सफरचंदांचा सपाट मळा आणि बँकेतले लिरे माझा थोरला तुल्लिओ याला. तो स्वित्झर्लंडात बोगदे खोदतो. डोंगराच्या पोटात शिरेल, पाठीवर चढणार नाही. कायद्यानं त्याचं जेवढं होतं, त्याहून हे कमी नाही.

दोन. मक्याच्या पिठाची पोलेंता घोटायची तांब्याची कढई शेजारीण झेल्मीरा हिला. आजवर माझी नेऊन करपवली, आता स्वतःची करपव म्हणावं.

तीन. पोटमाळ्यासकट हे वरचं घर, तळघरातली पिंपं आणि कड्यावरची सगळी द्राक्षबाग माझी धाकटी सून देल्फीना हिला. बागेची वाटणी करू नये.

या कड्यावर मुळात नुसता खडक होता. पावसात खाली वाहिलेली माती दर वसंतात पाठीवरच्या टोपलीतून वर न्यायची. सासूनं नेली, मी नेली, देल्फीना नेते. माती तीच. समोरच्या शिखरांवर बर्फ असताना या मुठीएवढ्या मातीत द्राक्षं पिकतात, हे मला अजून कळलेलं नाही. आणि वाइन! रंग इतका फिका की पेल्याआडचं बोट दिसतं. परके लोक हसतात, मग एक घोट घेतात आणि गप्प बसतात. मीसुद्धा पहिल्या घोटाला अजून गप्प होते. माझं तोंड ज्यांनी ऐकलंय, त्यांना यातलं नवल कळेल.

"आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही," नोटरीसाहेब म्हणतात.

"मग दाटीवाटीनं बसवा."

चार. इथली रीत अशी, की विधवेनं पुन्हा लग्न केलं की सासरची जमीन सोडायची. माझा धाकटा, तिचा नवरा आन्सेल्मो, कोसळत्या हिमकड्याखाली गेला, तेव्हापासून बांध रचणारा गाउदेंत्सिओ दर पानगळीत देल्फीनाला विचारतो आणि ती नाही म्हणते. मला सांगते, "सासूबाई, तो घोरत असेल."

"तुला गं काय ठाऊक?" म्हटलं, तर कानापर्यंत लाल.

तिला तो नको असं नाही. तिला वेली सोडवत नाहीत. म्हणून लिहा: तिनं लग्न केलं तरी बाग तिची, नाही केलं तरी तिचीच, तिच्यामागे तिच्या मुलांची, मग त्यांचं आडनाव काही का असेना.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचं असतं म्हणे. मला मरायची घाई नाही आणि गाउदेंत्सिओच्या डोक्यावर आता केस उरले नाहीत. देल्फीना या खिडकीखालीच वेली बांधते आहे. तेव्हा चौथं कलम आत्ताच, खिडकी उघडून, मोठ्यानं वाचावं.

सर्व मजकूर वाचून दाखवला, तो मान्य असल्याचे सांगितले. अक्षरओळख नसल्याने सहीऐवजी फुली: ✕

साक्षीदार: एर्मेनेजिल्दो पारोलो, पिंपे बनवणारा, प्रॉस्पेरो मोल्तोनी, घंटा वाजवणारा.

साझेल्ला, १४ मार्च १९५७.

नोटरीची नोंद: चौथे कलम खिडकीतून दोनदा वाचले. पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही, असे खालून सांगण्यात आले.